सिलिकॉनचा पातळ थर पारखताना

१९७७ साली अमेरिकेत आरसीए कंपनीच्या प्रिन्स्टन इथल्या प्रयोगशाळेतून डेव्हिड स्टेब्लर आणि ख्रिस्तोफर व्रॉन्स्की या दोघांनी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. अस्फटिक सिलिकॉनचा पातळ थर त्यांनी काही तास प्रखर प्रकाशात ठेवला आणि मग अंधारातली त्याची विद्युतवाहकता मोजली. ती जवळपास दहा हजार पटींनी उतरलेली होती. थर १५० अंश सेल्सिअसच्या वर तापवला की वाहकता पुन्हा मूळ जागी यायची, आणि प्रकाशात ठेवला की पुन्हा उतरायची. याच प्रयोगशाळेत आदल्या वर्षी या पदार्थापासून पहिला सौरघट तयार झाला होता. ज्या पदार्थाने आयुष्यभर उन्हात बसून वीज करायची, तो उन्हानेच बिघडतो असे दिसून आले.

तेव्हापासून या क्षेत्रात काम करणाऱ्याच्या मानेवर एक प्रश्न कायम बसला आहे. थर चांगला आहे असे कधी म्हणायचे? सकाळी यंत्रातून बाहेर काढला तेव्हा मोजलेला आकडा खरा, की महिन्या-दीड महिन्याच्या प्रकाशानंतरचा? सपाट काचेवर मोजलेला खरा, की घटाच्या आत मोजलेला? पातळ सिलिकॉनच्या गुणवत्तेची चर्चा बहुतेक वेळा कार्यक्षमतेच्या एका आकड्यावर येऊन थांबते. तो आकडा कुठून येतो आणि कुठे फसवतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

आपल्या छपरांवर दिसणारे पॅनेल स्फटिकी सिलिकॉनच्या चकत्यांचे असतात. चकतीची जाडी साधारण दीडशे मायक्रॉन. अस्फटिक सिलिकॉनच्या घटात प्रकाश शोषणारा थर जेमतेम पाव मायक्रॉनचा, म्हणजे सहाशे पट पातळ. इतक्या कमी मालात काम भागते, कारण अणूंची रचना विस्कळीत असल्याने हा पदार्थ दृश्य प्रकाश कितीतरी जोमाने शोषतो. सिलेन वायू आणि हायड्रोजन निर्वात कक्षात सोडायचे, उच्च वारंवारतेच्या विजेने त्यांचा प्लाझ्मा पेटवायचा आणि २०० अंशांच्या आसपास तापलेल्या काचेवर सिलिकॉन बसू द्यायचे, अशी ही रीत. कॅल्क्युलेटरवरच्या त्या गडद तपकिरी पट्ट्या याच पदार्थाच्या. जपानच्या सान्यो कंपनीने १९८० च्या सुमारास त्या बाजारात आणल्या, आणि ट्यूबलाइटच्या उजेडातही त्या काम करतात हे सगळ्या जगाने पाहिले.

विस्कळीत रचनेची किंमत मात्र मोजावी लागते. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूला चार शेजारी हवे असतात. स्फटिकात ते नेमाने मिळतात. अस्फटिक थरात बंधांची लांबी आणि कोन थोडे इकडेतिकडे होतात, आणि काही अणूंचा चौथा बंध मोकळाच राहतो. प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याच्या जोडीचा होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, या मोकळ्या बंधापाशी एकमेकांना गाठतात आणि संपतात. वीज होण्याआधीच हिशेब मिटतो. नुसते सिलिकॉन उडवून बसवलेल्या थरात पाच हजार अणूंमागे एक किंवा त्याहूनही जास्त मोकळे बंध असतात. तसा थर सौरघटाच्या काहीच कामाचा नाही.

यावर उतारा सापडला तो हायड्रोजनचा. इंग्लंडमधल्या हार्लो इथे चिटिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये सिलेनच्या प्लाझ्मामधून थर बसवला. सिलेनमधला हायड्रोजन आपोआप थरात शिरून मोकळ्या बंधांना जाऊन बसत होता. स्कॉटलंडमध्ये डंडी विद्यापीठात वॉल्टर स्पिअर आणि पीटर लेकोम्बर यांनी १९७५ मध्ये त्यात फॉस्फरस आणि बोरॉन मिसळून एन आणि पी प्रकारचे, म्हणजे अनुक्रमे जास्त इलेक्ट्रॉनांचे आणि जास्त होलांचे, थर मिळवले. १९७६ मध्ये आरसीएत कार्लसन आणि व्रॉन्स्की यांनी २.४ टक्के कार्यक्षमतेचा घट केला. आजच्या चांगल्या थरात दर घन सेंटिमीटरला मोकळे बंध एकावर सोळा शून्ये इतके किंवा त्याहून थोडे कमी असतात. आकडा अफाट वाटतो, पण त्याच घन सेंटिमीटरमध्ये सिलिकॉनचे अणू पाचावर बावीस शून्ये इतके आहेत. म्हणजे पन्नास लाख अणूंत एक दोष. गुणवत्तेची सगळी परीक्षा या पन्नास लाखांतल्या एकाला शोधण्याची आहे.

प्रयोगशाळेत पहिली मोजणी होते ती वाहकतेची, कारण ती सोपी आहे. काचेवरच्या थरावर दोन धातूच्या पट्ट्या बसवायच्या, व्होल्टेज द्यायचा, अंधारात किती प्रवाह वाहतो आणि उन्हाइतक्या प्रकाशात किती, हे पाहायचे. चांगल्या अस्फटिक थरात हे गुणोत्तर एक लाख ते दहा लाख पट असते. अनेक शोधनिबंधांत हाच आकडा अभिमानाने छापलेला दिसतो. आणि फसगत होते ती इथेच.

पट्ट्यांमधून वाहणारा प्रवाह जवळजवळ सगळा इलेक्ट्रॉनांचा असतो. होल मंद चालतो, आणि त्याच्या वाट्याला त्या प्रवाहातला नगण्य भाग येतो. आता समजा थरात फॉस्फरसचा किंवा ऑक्सिजनचा किंचित अंश शिरला. थर थोडासा एन प्रकारचा होतो. मोकळे बंध इलेक्ट्रॉनांनी आधीच भरलेले राहतात, त्यामुळे नवे इलेक्ट्रॉन तिथे अडकत नाहीत आणि प्रकाशातली वाहकता वाढते. होलांचे मात्र उलटे होते: भरलेला बंध होलाला ओढून घेतो. घटाला दोघेही हवेत. जो आधी दमतो त्यावर घटाची वीज ठरते. म्हणून वाहकतेत सरस दिसणारा थर घटात घातला की नापास होऊ शकतो, आणि असे पुष्कळदा झाले आहे.

स्वित्झर्लंडमधल्या न्यूशाटेल विद्यापीठात अरविंद शाह यांच्या गटाने याचा नीट छडा लावला. त्यांनी १९९६ साली मांडलेली पद्धत अशी: इलेक्ट्रॉनांसाठी प्रकाशातली वाहकता मोजा, आणि होलांसाठी दुसरी मोजणी करा. या दुसऱ्या मोजणीत लेसरचे दोन किरण थरावर एकत्र पाडतात. त्यांच्या व्यतिकरणाने थरावर उजेड-अंधाराच्या बारीक पट्ट्या उमटतात. इलेक्ट्रॉन-होल उजेडाच्या पट्टीतून अंधाराच्या पट्टीत पसरू शकले, तर पट्ट्यांचा ठसा पुसला जातो. नाही पसरले, तर तो तसाच राहतो आणि प्रवाहात फरक दिसतो. पट्ट्यांमधले अंतर बदलत गेले की वाहक किती लांब जातात ते कळते. चांगल्या अस्फटिक थरात हे अंतर एक-दोनशे नॅनोमीटर भरते. दोन्ही आकडे एकत्र मांडून जो एक गुणांक निघतो, तो थराची विद्युतस्थिती बाजूला काढून केवळ दोषांविषयी बोलतो आणि घटाच्या कामगिरीशी बऱ्यापैकी जुळतो. माझ्या मते हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल होते, कारण त्याने एकट्या आकड्यावरचा विश्वास मोडला.

दोष पाहण्याचा दुसरा मार्ग प्रकाशशोषणाचा. अस्फटिक सिलिकॉनची ऊर्जादरी, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, १.७ ते १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टची. याहून कमी ऊर्जेचा फोटॉन आदर्श पदार्थातून आरपार जायला हवा. प्रत्यक्षात दरीच्या काठाशी शोषण एकदम शून्य होत नाही. ते उतरणीने कमी होत जाते, आणि ही उतरण जितकी तीव्र तितकी रचना नेटकी. या उतरणीच्या मापाला अरबाख ऊर्जा म्हणतात. चांगल्या थरात ती ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास किंवा थोडी खाली असते. त्याहून खाली, १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास जे उरलेसुरले शोषण दिसते, ते मोकळ्या बंधांचे. त्यावरून बंधांची संख्याच काढता येते.

अडचण अशी, की मायक्रॉनभर जाडीच्या चांगल्या थरात या ऊर्जेच्या दहा हजार फोटॉनांतला एखादाच अडतो. थरातून पार गेलेला प्रकाश मोजून एवढा फरक कळत नाही. मग वेगळ्या युक्त्या निघाल्या. एका पद्धतीत थर द्रवात बुडवून त्यावर प्रकाश टाकतात. शोषलेल्या प्रकाशाने थर किंचित तापतो, त्याला लागून असलेला द्रव तापतो आणि पृष्ठभागाला समांतर जाणारा लेसरचा किरण त्या तापलेल्या द्रवात किंचित वाकतो. वाकण्यावरून शोषण कळते. प्रागमध्ये मिलान वानेचेक यांनी १९८१ मध्ये दुसरी पद्धत पुढे आणली: प्रत्येक तरंगलांबीला प्रकाशाची तीव्रता अशी बदलायची की थरातून वाहणारा प्रवाह तोच राहील. जिथे जास्त प्रकाश ओतावा लागला तिथे शोषण कमी. पुढे २००२ च्या सुमारास याचीच फूरिए वर्णपटमापकावर चालणारी आवृत्ती त्यांच्याच गटाने विकसित केली. तिने तासांचे काम मिनिटांवर आणले, आणि ती काचेवरच्या सुट्या थरावरच नाही तर पूर्ण घटावरही करता येते.

थरातल्या हायड्रोजनची पाहणी अवरक्त वर्णपटाने होते. २००० च्या तरंगांकाला शोषण दिसले तर हायड्रोजन एकेकटा, घट्ट रचनेत बसलेला आहे. २१०० कडे दिसले तर तो पोकळ्यांच्या कडेला किंवा जोडीजोडीने आहे. दुसरा वाटा जितका कमी तितके बरे. चांगल्या थरात एकूण अणूंपैकी दहा टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन असतो.

नव्वदीच्या दशकात न्यूशाटेलमध्येच सूक्ष्मस्फटिकी सिलिकॉनचे घट पुढे आले आणि परीक्षेचा अभ्यासक्रमच बदलला. सिलेनमध्ये हायड्रोजन भरपूर मिसळला की थरात नॅनोमीटरच्या मापाचे स्फटिक उगवू लागतात, भोवती अस्फटिक पदार्थ उरतो. हा थर लाल आणि अवरक्ताच्या काठचा प्रकाशही घेतो. म्हणून त्याला अस्फटिक घटाच्या मागे बसवून जोडघट करता येतो: पुढचा निळा-हिरवा प्रकाश खातो, मागचा उरलेला लाल. स्फटिकांचे प्रमाण रामन वर्णपटात दिसते. ५२० च्या तरंगांकाजवळ स्फटिकाचे शिखर, ४८० जवळ अस्फटिकाचा पसरट उंचवटा. जास्त स्फटिक म्हणजे जास्त चांगले, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण सर्वांत चांगले घट मिळतात ते स्फटिक आणि अस्फटिक यांच्या सीमेजवळ, निम्म्याहून थोडे जास्त स्फटिक असताना. स्फटिकांच्या कडा अस्फटिक पदार्थाने झाकलेल्या राहिल्या तरच तिथले मोकळे बंध आटोक्यात राहतात.

शिवाय सूक्ष्मस्फटिकी थर ऑक्सिजनच्या बाबतीत फार नाजूक. कक्षाच्या जोडांतून झिरपणारी हवा किंवा वायूतली अशुद्धी एवढीही त्याला पुरते. एका घन सेंटिमीटरमध्ये दोनावर एकोणीस शून्ये इतक्या अणूंच्या वर ऑक्सिजन गेला की थर एन प्रकारचा होतो आणि घटाची कामगिरी घसरते. न्यूशाटेलच्या गटाने सिलेनच्या नळीत शुद्धीकरणाचे उपकरण बसवले तेव्हा घट एकदम सुधारले. या क्षेत्रातली कितीतरी कोडी शेवटी गळक्या झडपेपाशी येऊन सुटली असतील.

इथवरच्या बहुतेक मोजण्या सपाट काचेवरच्या. घट मात्र सपाट काचेवर बसत नाही. पातळ थराने जास्त प्रकाश शोषावा म्हणून त्याच्याखालचा पारदर्शक विद्युतवाहक थर, झिंक ऑक्साइडचा किंवा टिन ऑक्साइडचा, मुद्दाम खडबडीत ठेवतात. प्रकाश तिरका पसरतो आणि थरात जास्त अंतर कापतो. झिंक ऑक्साइडचे पिरॅमिडसारखे टोकदार उंचवटे आणि त्यांच्या मधल्या अरुंद घळी या प्रकाशासाठी उत्तम. सिलिकॉनच्या वाढीसाठी त्या वाईट. घळीच्या दोन उतारांवरून सिलिकॉन आपापल्या दिशेने वाढत येते आणि मध्ये भेटते, पण सांधत नाही. दोन गवंड्यांनी दोन बाजूंनी चढवलेल्या भिंतींचा कोपरा न बांधता राहावा तशी तिथे उभी भेग उरते, आणि ती थेट वरपर्यंत जाते.

न्यूशाटेलमध्ये २००८ च्या सुमारास या भेगांचा पद्धतशीर अभ्यास झाला. झिंक ऑक्साइडवर प्लाझ्माचा मारा करून अरुंद टोकदार घळींचे तळ गोलसर केले, तर भेगा कमी झाल्या, व्होल्टेज वाढला आणि प्रवाह-व्होल्टेज आलेख किती भरीव आहे हे सांगणारा फिल फॅक्टरही सुधारला. यातला बोध घेण्यासारखा भाग पुढे आहे. प्रकाशशोषणाने मोजलेली दोषांची संख्या भेगाळ आणि बिनभेगांच्या घटांत जवळपास सारखीच निघाली. दोषमोजणीला भेगा दिसतच नाहीत, कारण भेगांनी व्यापलेली जागा अत्यल्प असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घटाचा काप पाहिला तेव्हा त्या उघड दिसल्या. म्हणजे थराचा माल चांगला, तरी घट वाईट, असेही होऊ शकते. म्हणून यापुढे गुणवत्ता म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी मानाव्या लागतात: थराच्या पोटातला पदार्थ आणि त्यातल्या भेगा.

पूर्ण घटाला न कापता, न मोडता विचारायचे असेल तर एक साधी आणि सुंदर पद्धत आहे. घटाचा प्रवाह-व्होल्टेज आलेख भर उन्हाच्या तीव्रतेपासून त्याच्या हजाराव्या भागापर्यंत वेगवेगळ्या प्रकाशात काढायचा. प्रखर प्रकाशात जोडण्या आणि वाहक थर यांचा रोध उघडा पडतो. अगदी मंद प्रकाशात भेगा आणि टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांतून होणारी गळती उघडी पडते, कारण तेव्हा घटाचा स्वतःचा प्रवाहच थोडा असतो. मधल्या पट्ट्यात बोलतो तो थर: शून्य व्होल्टेजजवळ आलेखाचा उतार किती, यावरून इलेक्ट्रॉन-होल वाटेत किती संपतात ते कळते. न्यूशाटेल आणि बार्सिलोना इथल्या संशोधकांनी १९९८ साली मर्टेन यांच्या नावाने प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे गणित मांडले. यासाठी लाखोंचे यंत्र लागत नाही. चांगला दिवा, प्रकाश कमी करणाऱ्या जाळ्या आणि नेटका मापक एवढ्यावर ही परीक्षा होते. आपल्याकडच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी ती आवर्जून करावी असे मला मनापासून वाटते.

आणि मग प्रकाशाचा तो जुना डाग. स्टेब्लर-व्रॉन्स्की परिणामात प्रकाशाने मोकळे बंध साधारण दहा पटींनी वाढतात, पन्नास लाखांतला एक होता तो पाच लाखांतला एक होतो. ही वाढ अमर्याद चालत नाही, एका पातळीला येऊन ठेपते. म्हणून अस्फटिक घटाची मोजणी ५० अंश तापमानाला, पूर्ण उन्हाइतक्या प्रकाशात १००० तास ठेवून झाल्यावर करण्याची शिस्त पडली. त्यानंतरच्या आकड्याला स्थिरावलेली कार्यक्षमता म्हणतात. सुरुवातीच्या आकड्याचा दहा ते तीस टक्के भाग त्यातून वजा झालेला असतो. थर पातळ ठेवला तर विद्युतक्षेत्र जोरकस राहते आणि नुकसान कमी जाणवते. पण मग प्रकाश कमी शोषला जातो आणि पुन्हा खडबडीत काचेचा, म्हणजे भेगांचा, प्रश्न दारात येतो. या सगळ्या ओढाताणीतून एकट्या अस्फटिक घटाची स्थिरावलेली कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या जरा वर आणि जोडघटाची बारा टक्क्यांच्या पुढे गेली.

भारतातही हे काम झाले. कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये अस्फटिक सिलिकॉनचे संशोधन दीर्घकाळ चालले. आयआयटी मुंबईत आणि पुणे विद्यापीठात तापलेल्या तारेच्या पद्धतीने थर बसवण्यावर भर राहिला. या पद्धतीत प्लाझ्मा नसतो. लालभडक तापलेल्या टंगस्टनच्या किंवा टँटलमच्या तारेवर सिलेन फुटतो. या थरांची परीक्षाही वर सांगितलेल्या साधनांनीच झाली.

बाजारात मात्र पातळ सिलिकॉन टिकले नाही. २००८ मध्ये शुद्ध सिलिकॉनचा भाव किलोला ४०० डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा पाव मायक्रॉनच्या थराचे महत्त्व सगळ्यांना पटले. अमेरिकेच्या अप्लाइड मटेरियल्सने ५.७ चौरस मीटरच्या काचांवर थर बसवणारी कारखानदारी विकायला काढली, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनने जोडघटाची. २०१२ च्या अखेरीस सिलिकॉनचा भाव २० डॉलरच्या खाली आला आणि चकतीच इतकी स्वस्त झाली की दहा-बारा टक्क्यांच्या पॅनेलला गिऱ्हाईक उरले नाही. अप्लाइड मटेरियल्स २०१० मध्येच या धंद्यातून बाहेर पडली होती. हरवले ते दोषांनी नाही, भावाने.

थर स्वतः मात्र आजही कामावर आहे. सान्योने नव्वदीच्या दशकात स्फटिकी चकतीच्या दोन्ही बाजूंना अस्फटिक सिलिकॉनचा पाच-दहा नॅनोमीटरचा लेप देऊन घट बनवला. इथे लेपाने प्रकाशापासून वीज करायची नाही. चकतीच्या पृष्ठभागावरचे मोकळे बंध झाकायचे, हे त्याचे मुख्य काम. हेटरोजंक्शन म्हटल्या जाणाऱ्या या घटाने चीनच्या लाँगी कंपनीच्या हातून २०२२ मध्ये २६.८१ टक्के कार्यक्षमता गाठली. लेपातला हायड्रोजन कसा बसला आहे हे तपासायला आजही अवरक्त वर्णपटातली २००० आणि २१०० ची तीच दोन शिखरे पाहतात. आणि गेल्या दशकात स्विस संशोधकांच्या मोजण्यांत असे दिसले, की हे घट प्रकाशात ठेवले की त्यांची कार्यक्षमता घसरण्याऐवजी किंचित वाढते.